पार्किंगमधलं बोरीचं झाड

आमच्या शेजारच्या चाचांना जगातलं कुठलंही दुखणं, भांडण किंवा कंटाळा सांगा, औषध एकच निघायचं: बोर! मूळचे रत्नागिरीकडचे, इथे दुबईजवळच्या उम्म अल कुवैनला एका गोदामात स्टोअरकीपर. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एक बोरीचं झाड होतं, इथले लोक त्याला सिद्र म्हणतात. ते कोणी लावलेलं नव्हतं, बिल्डिंगच त्याच्यानंतर आली. पण चाचा त्याच्याविषयी असे बोलायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, ह्यांच्या आजोबांनीच पाणी घालून वाढवलं असणार.

पानं वाळवून, कुटून पाण्यात घुसळली की फेस येतो, त्याने केस धुवायचे. माझी बायको लिफ्टमध्ये सहज म्हणाली, "इथल्या पाण्याने केस फार गळतात हो," तर दुसऱ्या दिवशी दारात पिशवीभर भुकटी हजर. आमची मुलगी तो हिरवा फेस बघून किंचाळली, "आई, धिस इज सो ग्रॉस!" आणि महिन्याभराने तीच चोरून वापरायला लागली. पोट बिघडलं तर पानांचा काढा, तोंडाला चव नसली तर बोरांचं लोणचं. बोराची बी दगडाने फोडून आतला इवलासा गर मुलीच्या तळहातावर ठेवत म्हणायचे, "घे बेटा, तुझ्या त्या बाटलीतल्या हेझलनटापेक्षा भारी." एका गरापायी सहा बिया आणि एक बोट ठेचलं जायचं, ती गोष्ट निराळी.

आता माझं सांगतो, आणि सांगताना मान खाली जाते. मी नवी पांढरी गाडी घेतली. पार्किंगमध्ये सावली म्हणाल तर त्या झाडाचीच, म्हणून ऑफिस सुटलं की धापा टाकत येऊन ती जागा मीच अडवायचो. आणि थंडीत पिकलेली बोरं टपावर पडली की बोंबाबोंबही मीच करायचो. एका सकाळी काचेवरचा चिकट राडा पाहून माझं डोकं फिरलं. बिल्डिंगच्या मॅनेजमेंटला असा कडक ईमेल ठोकला की माझ्या बॉसला तसा लिहायची माझी कधी छाती झाली नाही. वाटलं, चार फांद्या छाटतील. गुरुवारी घरी आलो तर नुसता बुंधा. खलास.

चाचा तिथेच उभे होते. "तक्रार करणारा आपल्यातला कोणी नसणार," ते मला म्हणाले, "कोणीतरी नवा भाडेकरू असेल." मी चक्क मान डोलावली.

दोन दिवसांनी ते घरी आले. "यल्ला, चला भाऊ, तुमचं इंग्रजी फर्स्ट क्लास. मॅनेजमेंटला एक तक्रार लिहून द्या." नाही कुठल्या तोंडाने म्हणू? लॅपटॉप उघडला. चाचा सांगायला लागले. "लिहा, झाड बिल्डिंगच्या आधीचं होतं. लिहा, बुलबुलाचं घरटं होतं. लिहा, ज्याने हे केलं त्याला अल्ला सद्बुद्धी देवो. ऑफिसच्या पत्रात चालतं ना असं?"

"चालतं," मी म्हणालो. तेही टाईप केलं.

"आणि शेवटी लिहा, त्याचं नाव कळवा. भांडायचं नाही मला. एकदाच विचारायचंय, झाडाने तुझं काय बिघडवलं होतं?"

बायको स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे एकटक बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं.

"चाचा," मी स्क्रीनकडे बघतच म्हणालो, "नाव माझंच आहे. गाडीवर बोरं पडायची."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो.

"मला बोलायचं होतं ना, भाऊ," ते हळूच म्हणाले. "रोज सकाळी पुसून दिली असती गाडी."

आणि खरंच दिली असती हो! साठी उलटलेला माणूस बादली घेऊन खाली उतरला असता, आणि मी त्याला थँक यू म्हणून ऑफिसला निघून गेलो असतो. चाचा आता मुलाकडे अबुधाबीला असतात. ईदला फोन करतात, तिघांचीही नावं घेऊन चौकशी करतात, झाडाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. मीही काढत नाही.