गोधडीखालचा टीव्ही

गरीब घरच्या मुलांची मेडिकलची फी भरणारं आमचं एक लहान मंडळ लातुरात आहे. अर्ज आला की खात्री करायला अर्जदाराच्या घरी मंडळातले एक काका जातात, सोबत मी. काका बँकेतून रिटायर झालेले. कुणाच्याही घरी आधी पाणी मागतात, मग पीकपाणी विचारतात. फॉर्म पिशवीतून सगळ्यात शेवटी निघतो.

रेणापूरकडच्या एका घरी गेलो. पोरीचा नांदेडला एमबीबीएसला नंबर लागला होता. कोपऱ्यात गोधडीखाली काहीतरी झाकलेलं होतं आणि तिच्या आईची नजर सारखी तिकडंच जात होती.

काका हळूच म्हणाले, "ताई, टीव्ही उघडा करा. घरात टीव्ही असणं काही गुन्हा न्हाई."

बाईंना रडू फुटलं. "भावानं जुना दिलाय, सायेब. त्याच्यापायी पोरीची फी अडंल, असं वाटलं."

"हाव, हाव. न्हाई अडत."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "फॉर्मवर काय लिहिलंत?"

"खरं तेच. टीव्ही हाय. आन तो इकला तर पोरीची एका महिन्याची मेस बी भागत न्हाई, हे बी लिहिलं."

मंडळानं फी भरली. मी मात्र 'टीव्ही आहे' एवढंच लिहून सही केली असती.