नागोजीअण्णांची सहा जीबीची फाईल

बोरगावचे नागोजीअण्णा तिसऱ्यांदा दुकानात आले तेव्हा मी कपाळाला हात लावला. निपाणीत माझा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे, हार्ड डिस्कचा दवाखाना नव्हे. पण हे अण्णांना सांगणार कोण? ते भांडतही नाहीत, नुसतं पाटीवर लिहून दाखवतात.

तीस वर्षं या माणसाने सीमाभागातली कुस्त्यांची मैदानं माइकवर गाजवली. एक वाक्य मराठीत, दुसरं कन्नडमध्ये, मध्ये श्वासालाही जागा नाही. पैलवानाचं गाव, वस्ताद, आजोबाने मारलेला डाव, सगळं तोंडपाठ. गेल्या वर्षी गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. दोन महिन्यांनी नात जन्मली, आरोही. तिला आजोबाचा आवाज ऐकवायचा, एवढंच अण्णांचं म्हणणं. त्यांच्या शेवटच्या मैदानाचं दोन तासांचं सलग शूटिंग माझ्या कॉम्प्युटरवर होतं.

काम पाच मिनिटांचं. पण अण्णांची डिस्क जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली. चार जीबीपेक्षा मोठी फाईल ती घेत नाही आणि ही फाईल सहा जीबीची. पाचशे जीबीची डिस्क साफ रिकामी, तरी म्हणते मावत नाही! मी वैतागून ती नव्या पद्धतीने फॉरमॅट केली, फाईल भरून दिली. दुसऱ्या दिवशी अण्णा हजर. घरचा टीव्ही नव्या पद्धतीची डिस्क ओळखतच नाही. इकडे आड, तिकडे विहीर. पुन्हा जुनी पद्धत केली, फाईल दाबून लहान केली. आज परत आले. पाटीवर लिहिलेलं, "डब्यात बोलल्यागत ऐकू येतंय."

"अण्णा, आता एकच उपाय हाय. फाईल मधी तोडून दोन करतो."

अण्णांनी लिहिलं, "मी मधी कधी थांबलो न्हाय. तोडणार कुठं?"

माझं डोकं सटकलं. "मग बसा हितं आणि ऐका! जिथं गप बसलाय, तिथं तोडतो."

ऐकायला बसलो. पंधरा मिनिटं, अर्धा तास, तास. हा गृहस्थ खरोखर थांबत नव्हता. बाहेर पासपोर्ट फोटोवाले ताटकळून निघून गेले.

"जरा दम तरी खायचा की वो, अण्णा!" मी ओरडलो. अण्णा खुशीत हसले.

मग एक तास आठ मिनिटांवर त्यांचा आवाज फाटला. खोकला आला. काही क्षण नुसती हलगी वाजत राहिली. पुन्हा बोलू लागले ते घोगऱ्या आवाजात, आणि तो घोगरेपणा ऑपरेशनपर्यंत गेलाच नाही. त्या दिवशी मी मैदानातच होतो. मला वाटलं होतं, घशात धूळ गेली असेल. आता माझा सगळा राग उतरला आणि अण्णांकडे बघवेना.

अण्णांनी हात वर केला. आवाज फाटला त्याच्या जरा आधी मी फाईल तोडली. पहिला भाग डिस्कमध्ये मुकाट गेला. दुसरा टाकायला लागलो तर त्यांनी माझा हात धरला.

"अण्णा, शेवटची, एक नंबरची कुस्ती ऱ्हायली की!"

त्यांनी पाटी पुसली आणि सावकाश लिहिलं, "आरोहीला एवढंच ऐकू दे."