कळंबच्या वळणावर पंचवीस हॉर्सपॉवर

मला गाडी शिकवली सासऱ्यांनी, नांगरलेल्या रानाच्या कडेनं. त्यांना मी मामा म्हणते. जन्म ट्रॅक्टरवर गेलेला, त्यामुळे मंत्र एकच: "इंजिन रडवायचं न्हाई." आवाज चढला की त्यांना डिझेल जळताना दिसतं. मीही आमची जुनी छोटी कार ताशी तीसलाच चौथ्या गिअरात टाकायची आणि शहाणी सून म्हणून मिरवायची.

आळेफाट्याच्या कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवते. निरगुडसरहून निघून कळंबजवळ हायवेला लागायचं. एका सकाळी मामाही बरोबर होते. मी हायवेवर शिरले, तर गाडी वेगच घेईना. मागून ट्रक हॉर्न वाजवत अंगावर आला, कशीबशी कडेला घेतली. संध्याकाळी मामा म्हणाले, "गाडीत जोर न्हाई. इकून टाकू. तू आपली एस्टीनं जा."

एस्टीनं म्हणजे दोन गाड्या बदलायच्या आणि पहिला तास रोज बुडवायचा. नोकरी गेल्यातच जमा. मला राग आला आणि मी पाठकोरा कागद ओढला.

गाडी आणि आम्ही दोघं, धरा हजार किलो. दहा सेकंदांत ताशी साठचा वेग हवा. वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गानं गुणलं, दहानं भागलं. जवळपास चौदा किलोवॅट, म्हणजे एकोणीस हॉर्सपॉवर. वारा आणि रस्ता आपला वाटा घेणारच, म्हणून पंचवीस धरले. गाडीच्या पुस्तकात सत्तेचाळीस लिहिलेले.

"मामा, आपला ट्रॅक्टर कितीचा?"

"पंचेचाळीसचा."

"ही सत्तेचाळीसची आहे."

मामांनी चष्मा लावून पुस्तक स्वतः वाचलं. "मंग जातो कुठं जोर?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते सत्तेचाळीस इंजिन जोरात फिरतं तेव्हाचे. वरचा गिअर लवकर टाकून आम्ही त्याला कधी तसं फिरूच दिलं नव्हतं. हे मामांना सांगायला मला चहाचे दोन कप लागले.

दुसऱ्या दिवशी मामा मुद्दाम शेजारी बसले. कळंबला दुसऱ्या गिअरात पाय दाबला. इंजिन किंचाळायला लागलं. माझा हात सवयीनं गिअरकडे गेला, तर दांड्यावर मामांचा हात आधीच होता.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, "रडू दे तिला."

साठला पोचलो तेव्हा मागचा ट्रक आरशात बारीक झाला होता. मला हसू आवरेना. आळेफाट्याला उतरताना मामा म्हणाले, "सांजच्याला हितंच घ्यायला ये. एस्टीनं कोण जातंय?"