खानाचं काम

चौथीचा इतिहास मी नाटक करून शिकवायचो. तपासणीला येणारे साहेब त्याचं कौतुक करायचे. खरं कारण आजवर कुणाला सांगितलं नाही. मी थकलेला असायचो. मिरजेच्या बाजूच्या त्या खेड्यात दोन शिक्षक आणि चार इयत्ता. तिसरी-चौथी माझ्याकडे, एकाच खोलीत. इकडे पाढे, तिकडे इतिहास. शाळा सुटली की कुटुंबनियोजनाच्या केसेस शोधत दारोदार हिंडायचं, ते वेगळंच. दुपारपर्यंत घसा बसलेला असायचा. प्रतापगडाचा धडा पोरांच्या हवाली केला की तेवढीच खुर्चीवर टेकायला सवड.

पोरांनाही तो धडा लय प्यारा. महाराज व्हायला सगळे एका पायावर तयार. खान व्हायला कुणी नाही.

त्या वर्षी वर्गात मुसलमानाचा एक मुलगा होता. एकच. अंगानं थोराड, आवाज खणखणीत. वडील गावचे मुलाणी. जत्रेत बकऱ्यावर त्यांची सुरी फिरल्याशिवाय गावात मटण शिजत नसे. कामं वाटताना मी विचार असा केलाच नाही. बोट आपोआप त्याच्याकडं गेलं. पोरं खदखदून हसली. तोही हसला.

सुरुवातीला तो हौसेनं मरायचा. "दगा, दगा" ओरडत, हात पसरून, धाडकन. तिसरीची पोरं पाढे सोडून टाळ्या वाजवायची.

मग नाटक वर्गाबाहेर गेलं. मधल्या सुट्टीत पोरं बोटांच्या बेचक्यात बाभळीचे काटे धरायची, त्यांची वाघनखं करायची आणि त्याच्या मागं लागायची. त्याच्या सदऱ्यावर पाठीला रक्ताचे ठिपके दिसायचे. मला दिसायचे. "नीट खेळा रे," एवढं म्हणून मी हजेरी घ्यायला लागायचो.

एक दिवस त्याची आई आली. आत या म्हटलं तरी दारातच उभी राहिली.

"गुरुजी, पोरगं शाळंला नगं म्हंतंय. गल्लीत बी त्येला खान म्हंत्यात. आता तर त्येच्या बापाला बी म्हनाय लागल्यात. दुसरं कायतरी सोंग द्या की त्येला. भालदार करा, न्हाईतर घोडा करा."

"अहो, नाटक आहे ते. त्याचा आवाज खणखणीत आहे, म्हणून दिलं."

"आवाज तर कोंबड्याचा बी खणखणीत असतुया. म्हनून त्येलाच कापायचा व्हय?"

मी हसलो. बघतो म्हणालो. बघितलं नाही.

महाराजांच्या पदरी मुसलमान शिलेदार होते, हे मी ट्रेनिंगला असताना शिकलो होतो. पेपरात लिहून मार्क घेतले होते. त्याला तसलं काम देता आलं असतं. पण मग नवे संवाद लिहायला लागले असते. आता पन्नाशी उलटल्यावर आडपडदा कशाला? तेवढेही कष्ट मला नको होते.

पुढच्या आठवड्यात तपासणी होती. साहेबांपुढं मी तोच पाठ ठेवला. महाराज झालेल्या पोरानं मिठी मारली, पोटाला बोटं लावली. हा उभाच.

"पड की रं," महाराज कुजबुजले.

"न्हाई पडत."

"आरं, मेलायस तू!"

"न्हाई मेलो."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांचं पेन थांबलं. त्या मुलानं माझ्याकडं पाहिलं. त्याला काय हवंय ते मला पक्कं ठाऊक होतं. आईनं सांगून झालं होतं. 'राहू दे बाळ, आज इथंच थांबू,' एवढं मी म्हणायचं होतं. मी पुढं झालो, त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि त्याला खाली दाबलं. तो ताठ राहिला. मी आणखी जोर लावला. गुडघे वाकले तसे टाळ्या वाजल्या. साहेबांनी शेरा चांगला दिला.

दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. काही दिवसांनी आई दाखला न्यायला आली. मिरजेला मामाकडं ठेवणार होती; मामा तंबोरे करणाऱ्यांकडं कामाला होता आणि जवळ उर्दू शाळा होती.

"तितं वर्गात समदी आमचीच पोरं हायत, गुरुजी," ती म्हणाली. "खान कोन व्हनार, त्येंचं त्ये बघतील."

ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी मान खाली घालून सही केली.

पुढच्या वर्षी वर्गात मुसलमानाचं पोर नव्हतं. पाठ मी बंद केला नाही. दमलेल्या माणसाला सवय मोडायचाही कंटाळा येतो. खानाचं काम पाटलांच्या नातवाला दिलं. तो मस्त मेला. मग उठला, चड्डीची धूळ झटकली आणि हापशावर पाणी प्यायला पळाला. मधल्या सुट्टीत मी मुद्दाम दारात उभा राहिलो. पोरं विटीदांडू खेळत होती. सगळी त्याला त्याच्या नावानंच हाका मारत होती.