हौशीरामचा वेल्डिंग सेट आणि साळुबाईची नजर

साळुबाईची नजर लागली म्हणून हौशीरामचा वेल्डिंग सेट पेटत नाही, अशी कुजबुज अवसरी बुद्रुकात सुरू झाली. पारावर ती उठली, डेअरीच्या रांगेत वाढली. मंचरच्या बाजारात पोचेपर्यंत तर साळुबाईला इंजिनाखाली लिंबू पुरताना पाहिलेले लोकसुद्धा तयार झाले होते.

हौशीराम म्हणजे हाताला काळं लागू न देता मिस्तरी म्हणवून घेणारा प्राणी. बंद पडलेल्या खडी क्रशरमागं एक जुना वेल्डिंग जनरेटर गंजत पडला होता. डिझेल इंजिन चालवायचं, त्याच्यावर वीज तयार करायची आणि लाइट नसेल त्या रानातही वेल्डिंग करायचं, असं ते धूड. हौशीरामनं ते ट्रॉलीत घालून आणलं. इंजिन मंचरच्या मेकॅनिकनं खोललं, रिंगा बदलल्या, नोझल साफ केलं, चालू करून दिलं. मग हौशीरामनं काय केलं? रंग दिला! आतबाहेर, ब्रश पोचेल तिथवर हिरवागार. वर पिवळ्या अक्षरांत 'विघ्नहर वेल्डिंग वर्क्स', बाजूला गोंडे आणि पुढं हॉर्न. एका जागी उभ्या राहणाऱ्या यंत्राला हॉर्न कशाला, हे त्याला कोण विचारणार? "समदं मीच नवं केलं राव," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. खंडेनवमीला तर त्यानं झाकण काढून पूजा केली. "देव पोटात पोचला पायजे," म्हणाला.

साळुबाई त्याची शेजारीण. एकटी, दोन शेळ्यांवर जगणारी. उसातला बिबट्या तिच्या गोठ्याची कुडाची भिंत ओरबाडून गेला, तेव्हा ती अँगल आणि जाळी घेऊन याच्या दारात आली.

"हौशीराम, लोखंडी दार करून दे बाबा. न्हाईतर शेळ्या जात्यात माझ्या."

"मावशे, उद्या दार तुझ्या दारात!"

दुसऱ्या दिवशी त्यानं काळा चष्मा घातला, इंजिन सुरू केलं, हॉर्न वाजवला आणि रॉड टेकवला. ठिणगी नाही. पुन्हा टेकवला. काही नाही. इंजिन मात्र सगळ्या आळीला धूर पाजत होतं. "गरम व्हायला येळ लागतो," म्हणत त्यानं डिझेल जाळलं, रॉड बदलले, पट्टा घट्ट केला. झाकण उघडून बघावं, हे काही या मिस्तरीला सुचेना. शेवटी त्याला कारण सापडलं, आणि तेही स्वतःच्या बाहेर! "ही समोर बसून टक लावून बघत व्हती. नजर लागली, दुसरं काय!"

गावाला एवढं पुरलं. साळुबाई दिसली की बाया पोरांना आत घेऊ लागल्या. दार मात्र झालं नाही, आणि बिबट्या पुन्हा बांधावर दिसला.

तेव्हा साळुबाईनं दोन्ही शेळ्या सोडल्या आणि सरळ हौशीरामच्या फरशीच्या बैठकीत आणून सोफ्याच्या पायाला बांधल्या.

"मावशे, ह्ये काय?"

"दार व्हईस्तवर हितंच ऱ्हात्यात. माझी नजर वाईट हाय ना? मग तुझ्याच नजरंखाली ऱ्हाऊ दे त्यांला."

एका शेळीनं लगेच लेंड्या टाकल्या. दुसरीनं पडदा चाखला. हौशीरामची बायको प्रतिभा स्वयंपाकघरातून आली, फरशीकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं. तिचं माहेर नारायणगावचं, बापाचं जळालेल्या विजेच्या मोटारी भरायचं, म्हणजे त्यांची तार नव्यानं गुंडाळून द्यायचं दुकान. पण "बाईमाणसाचं काम न्हाई," म्हणून हौशीराम तिला सेटजवळ फिरकू देत नसे. आता मात्र ती पान्हा घेऊन बाहेर पडली आणि झाकण उघडून तिनं आत डोकावलं.

"अवो मिस्तरी, ह्याला काय केलंय तुमी?"

"रंग दिलाय. पूजा केलीय."

"लई शाणं! काचपेपर आणा."

तिनं आत घासघासून हिरवा-लाल भुगा काढला, कापडानं पुसून घेतलं आणि म्हणाली, "मारा हँडल." रॉड टेकताच निळी ठिणगी उडाली. हौशीराम दचकून मागं सरला तो थेट खताच्या ढिगात बसला.

दार मग त्यानंच जोडलं. वाकडं, पण मजबूत. साळुबाई शेळ्या घेऊन घरी गेली. बिबट्यानं त्या दाराशी झटापट केली आणि तो निघून गेला.

नजरबिजर काही नव्हती. जनरेटरच्या आत वीज उचलायला कार्बनचे ब्रश ज्या तांब्याच्या गोलावर घासतात, त्याच्यावर हौशीरामनं ऑइल पेंट मारला होता आणि पूजेत वरून कुंकू अन् नारळाचं पाणी ओतलं होतं.