प्रत्येक खोक्यात एक अंडं

नोकरीतले खून-दरोडे आता एकमेकांत मिसळून गेलेत, पण अंड्यांची ती चोरी मात्र आजही जशीच्या तशी आठवते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. निफाड तालुक्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. निवडणुकीचा बंदोबस्त नुकताच आटोपला होता, अंगात त्राण नव्हतं, आणि ठाणे अंमलदाराने सांगितलं, पोल्ट्रीवर अंडी चोरीला गेलीत. मालक वजनदार असामी. जाणं भाग होतं.

तिथली अंडी खाण्यासाठी नव्हे, पिल्लं काढण्यासाठी जात. कोंबड्या भुसा घातलेल्या लाकडी खोक्यांत अंडी घालायच्या. त्या दिवशी संध्याकाळी अंडी गोळा करण्याआधीच कुणीतरी हात मारला होता. पंचनामा करताना एक गोष्ट खटकली. प्रत्येक खोक्यात एकच अंडं शिल्लक होतं. हवालदार म्हणाले, चोराला घाई झाली असेल. घाईतला चोर चार खोकी पुरती रिकामी करतो आणि बाकीच्यांना हातही लावत नाही, हे मला ठाऊक होतं. पण त्या दिवशी डोकं चालत नव्हतं.

राखणदार पन्नाशीचा, नाकासमोर चालणारा माणूस. बायकोसह आवारातच राहायचा, रोज अंडीही तोच गोळा करायचा. त्याने खोक्यांत डोकावलं आणि त्याचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी ठाण्यात बोलावलं, तर माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणाला, "मीच नेली साहेब. लिहून घ्या." कुणाला विकली, ते मात्र सांगता येईना.

दुपारी खबऱ्या आला. पेठ तालुक्याकडे जाणाऱ्या जीपवाल्याकडून त्याला कळलं होतं की सकाळी एक बाई भाताच्या तुसाने भरलेली पाटी वाटभर मांडीवर घेऊन बसली होती, टपावर काही ठेवू देईना. राखणदाराची बायको पेठकडची, आणि त्याच सकाळी माहेरी गेलेली.

मी राखणदाराला पोल्ट्रीवर नेलं. म्हटलं, कशी नेलीस ते करून दाखव. रोजच्या सवयीने त्याने पहिलं खोकं पुरतं रिकामं केलं. मग दुसरं. मी विचारलं, "मग एकेक कोण ठेवून गेलं?"

त्याने हातातली अंडी परत खोक्यात ठेवली. तिला धरू नका, असं दोनदा म्हणाला. मग हळूहळू सगळं सांगितलं. तिच्या माहेरी रानकोंबडीची अंडी काढताना घरट्यात एक ठेवतात, म्हणजे कोंबडी घरटं सोडत नाही. मोहोळ काढतानाही फांदीलगतचा तुकडा माश्यांना सोडतात. खोक्यात डोकावताच त्याने बायकोचा हात ओळखला होता.

महिला पोलीस बरोबर घेऊन आम्ही डोंगरातला तो पाडा गाठला. बाईने काही लपवलं नाही. मानमोडीच्या रोगात तिच्या म्हाताऱ्या आईच्या झाडून साऱ्या कोंबड्या मेल्या होत्या, आणि आईचं त्यांच्यावरच चालायचं. शेजाऱ्यांच्या खुडूक कोंबड्या उसन्या आणून तिने त्या अंड्यांवर बसवल्या होत्या.

"चोरी कशी म्हणता साहेब? एकेक ठेवलं ना मी. मालक तर एक बी नाय ठेवत."

मला राग आला, पण कुणाचा ते कळेना. पंच आले, कोंबड्या उचलल्या, अंडी पाटीत भरली. ती म्हणाली, कोंबड्यांखाली एकेक तरी राहू द्या. मुद्देमालात तशी सोय नसते. आम्ही सगळी आणली.

कोर्टाने तिला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. राखणदाराची नोकरी गेली. मालकाने अंडी परत घेतली नाहीत, थंड पडलेल्या अंड्यांतून पिल्लं निघत नाहीत म्हणाला. खरंच होतं ते. मुद्देमाल खोलीत ती सडली, वासाने कारकून हैराण झाला, तेव्हा कुठे नष्ट करण्याचा हुकूम आला.

प्रश्नाआधी आलेली कबुली बहुतेक वेळा दुसऱ्या कुणासाठी असते, एवढं मी या प्रकरणात शिकलो. पुढे ते कामी आलं, वरिष्ठांनी पाठही थोपटली. पण आठवतो तो ठाण्यामागचा खड्डा. पाटी हातात धरून हवालदारांनी विचारलं, "सगळी टाकायची ना साहेब?"

मी हो म्हटलं.