येळवशीच्या वाफ्यातली माझी ओळ

रानातल्या कडब्याच्या कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले होते. त्यांच्यापुढं हात जोडून मी एकच मागत होते: देवा, चुलीवरची ती भज्जी करपू दे. सांडू दे, कुत्र्यानं तोंड घालू दे, काहीही कर, पण ती कुणाच्या ताटात येऊ देऊ नकोस. वेळ अमावस्येला, आमच्या येळवशीला, असं मागणारी मी पहिलीच असेन.

लोहाऱ्याजवळच्या आमच्या रानात येळवशीच्या भज्जीसाठी वेगळा वाफा असतो. दसरा झाला की घरातला प्रत्येक जण आपली एक ओळ पेरतो. कुणी पावटा, कुणी वाटाणा, कुणी मेथी. रांगत्या लेकराच्या मुठीतसुद्धा बी देतात. सणाला सगळ्या ओळींची मिळून एकाच भांड्यात भाजी शिजते, तीच भज्जी. या वाफ्यात औषध फवारायचं नाही, हा सासूबाईंचा दंडक. यंदा नेमका माझ्याच पावट्यावर मावा पडला. "थोरलीच्या हाताला गुण न्हाय," हे दरसालचं चिडवणं मला झोंबायचं. सणाला चार दिवस असताना, तुरीसाठी आणलेलं औषध मी गुपचूप मारलं. ओळ हिरवीगार दिसेल आणि भांड्यात बाजारातला पावटा टाकू, कुणाला कळतंय, असा माझा शहाणपणा.

पण सणाच्या सकाळी मी बाजरीचे उंडे वळत बसले आणि धाकटी जाऊ सगळा वाफा तोडून मोकळी झाली. मला कळलं तेव्हा भज्जी रटरटत होती. जावेची दोन वर्षांची पोर ताट वाजवत बसली होती. सांगावं तर जेवायला जमलेल्या एवढ्या पाहुण्यांत अब्रू जाणार. तोंड उघडायचे आणि मिटायचे. आपण गप्प बसू शकतो, हे लक्षात आलं आणि मला माझीच भीती वाटली.

येळवशीला वाटसरूला उपाशी जाऊ देत नाहीत. सासूबाईंनी रस्त्यानं चाललेल्या एका बाईला हाक मारली. तिच्या कडेवर तान्हं बाळ होतं. पहिलं ताट तिला वाढलं. तिनं घास उचलला, थांबली आणि नेमकी माझ्याकडं बघत म्हणाली, "ताई, बाळ अंगावर पितंय म्हनून इचारते. औषिद मारल्यालं न्हाय नव्हं?"

"मारलंय," माझ्या तोंडून निघालं. "म्या मारलंय. कुणी खाऊ नका."

दिरांनी बांधाकडेला खड्डा खणून सगळी भज्जी पुरली. ती बाई आंबील पिऊन, उंडा खाऊन गेली. कुठली, कुणाची, विचारायचं राहूनच गेलं. लक्ष्मी येऊन गेली, असं सासूबाई म्हणतात. मला तेवढं कळत नाही. पण ती आली नसती तर, हा विचार आला की आजही अंगावर काटा येतो आणि तिच्यासाठी हात जोडले जातात.

मी कोपऱ्यात रडत बसले होते. सासूबाई जवळ आल्या. बोलणी खायची तयारी होतीच. त्यांनी जावेच्या पोरीला माझ्या मांडीवर बसवलं, हातात आंबिलीची वाटी दिली.

"तूच पाज तिला," एवढंच म्हणाल्या.

मी वाटी तिच्या तोंडाशी नेली. पोरीनं काही न विचारता आ केला. देवापुढं त्या पोरीसारखं भरवशानं बसता आलं पाहिजे, हे मला त्या दिवशी कळलं.